अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील गार्डची कारकीर्द कशी वाचावी

अमेरिकेतील महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील एखाद्या गार्डची माहिती शोधायला बसले, की बहुधा पहिल्याच ओळीत तिच्या एकूण गुणांचा आकडा भेटतो. केटलिन क्लार्कच्या बाबतीत तो ३,९५१ आहे, केल्सी प्लमच्या बाबतीत ३,५२७. हे आकडे खरे आहेत आणि मोठेही आहेत. पण त्यांवरून ती खेळाडू कोर्टवर नेमके काय करत होती, कोणत्या वर्षी ती अडखळली, कोणत्या वर्षी तिचा खेळ बदलला आणि त्या बदलात तिचा स्वतःचा वाटा किती होता, यांपैकी काहीच कळत नाही. गार्डची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर ती एकेका हंगामाने आणि त्या-त्या हंगामातील नियम शेजारी ठेवून वाचावी लागते. ते कसे करावे, हे येथे मुख्यतः क्लार्कच्या आयोवा विद्यापीठातील चार वर्षांच्या आधारे सांगितले आहे. तिची निवड प्रसिद्धीमुळे केलेली नाही; तिच्या पहिल्या आणि दुसऱ्या हंगामांच्या मध्ये एक महत्त्वाचा नियम बदलला, म्हणून तिचा तक्ता वाचायला शिकण्यासाठी विशेष उपयोगी पडतो.

आरंभी ती कोणत्या प्रकारची गार्ड आहे, हे ठरवून घ्यावे. पॉइंट गार्ड चेंडू स्वतःच्या अर्ध्या भागातून पुढे आणते, चाल ठरवते आणि सहकाऱ्यांना गुण मिळवून देते; शूटिंग गार्डचे मुख्य काम स्वतः नेम साधणे हे असते. प्रत्यक्षात अनेक जणी दोन्ही कामे करतात, तरीही हा भेद आधी केला नाही तर पुढचे सगळे आकडे चुकीच्या मापाने मोजले जातात. पेन स्टेटच्या सूझी मकॉनेल हिने १९८४ ते १९८८ या काळात दिलेले १,३०७ असिस्ट (सहकारीने लगेच गुण मिळवला असा पास) हा आजही एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचा विक्रम आहे, आणि तिची कारकीर्द गुणांच्या यादीवरून वाचली तर तिचे खरे मोठेपण नजरेतून निसटेल. उलट प्लम ही वॉशिंग्टन विद्यापीठात मुख्यतः गुण मिळवणारी खेळाडू होती. येथे एक नियमही ध्यानात ठेवावा: महिला महाविद्यालयीन खेळात चेंडू दहा सेकंदांत मध्यरेषेपलीकडे नेण्याचे बंधन २०१३–१४ च्या हंगामापासून आले. त्याआधीच्या पॉइंट गार्डवर प्रतिस्पर्धी संघ पूर्ण कोर्टभर दबाव टाकत असला, तरी तिच्याकडे श्वास घ्यायला थोडा अधिक वेळ होता.

वर्षांचा हिशेब

यानंतर कालरेषा मांडावी. एरवी खेळाडूला पाच वर्षांच्या अवधीत चार हंगाम खेळता येतात. एखादे वर्ष दुखापतीमुळे किंवा संघाच्या निर्णयाने न खेळता बाजूला ठेवता येते आणि त्याला ‘रेडशर्ट’ म्हणतात. कोविडमुळे २०२०–२१ चा हंगाम या मोजणीत धरला गेला नाही, त्यामुळे त्या वर्षी संघात असलेल्या प्रत्येकीला एक जादा हंगाम उपलब्ध झाला. या सवलतीचा परिणाम विक्रमांच्या यादीवर स्पष्ट दिसतो. डायइशा फेअर हिने आधी बफेलो आणि मग सिरॅक्यूज अशा दोन विद्यापीठांकडून पाच हंगाम खेळून ३,४०० हून अधिक गुण केले आणि जॅकी स्टाइल्सच्या ३,३९३ गुणांना मागे टाकले. स्टाइल्सने आपले गुण १९९७ ते २००१ या चार हंगामांत केले होते. फेअरचे कौतुक यामुळे कमी होत नाही, पण दोन आकडे शेजारी लिहिताना हंगामांची संख्या न लिहिणे हा वाचकावर अन्याय आहे. क्लार्कलाही पाचवा हंगाम खेळता आला असता. तो न खेळण्याचा निर्णय तिने फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी जाहीर केला, म्हणजे तिचे ३,९५१ गुण चारच हंगामांचे आहेत.

विद्यापीठ बदलले असेल, तर कालरेषेवर ती जागा ठळक करावी. २०२१ पासून एकदा बदली करून लगेच खेळण्याची मुभा मिळाली, आणि २०२४ पासून शैक्षणिक अटी पूर्ण असल्यास बदल्यांच्या संख्येचे बंधनही उरले नाही. त्याआधी बदली केली तर साधारणपणे एक वर्ष बाकावर काढावे लागे. म्हणून जुन्या खेळाडूच्या तक्त्यात मधले एखादे रिकामे वर्ष दिसले, तर ती दुखापत होती की बदलीची किंमत होती, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हंगामाचा तक्ता

आता मुख्य काम. प्रत्येक हंगामासाठी सामने, गुण, असिस्ट, यशस्वी थ्री-पॉइंटर (लांबच्या रेषेमागून मारलेले तीन गुणांचे फेक) आणि त्यांची टक्केवारी एका ओळीत लिहावी. क्लार्कचा तक्ता असा भरतो: २०२०–२१ मध्ये ३० सामन्यांत ७९९ गुण, २१४ असिस्ट आणि ११६ थ्री-पॉइंटर, टक्केवारी ४०.६. २०२१–२२ मध्ये ३२ सामन्यांत ८६३ गुण, २५७ असिस्ट आणि ९१ थ्री-पॉइंटर, टक्केवारी ३३.२. २०२२–२३ मध्ये ३८ सामन्यांत १,०५५ गुण, ३२७ असिस्ट आणि १४० थ्री-पॉइंटर, टक्केवारी ३८.९. शेवटच्या २०२३–२४ मध्ये ३९ सामन्यांत १,२३४ गुण, ३४६ असिस्ट आणि २०१ थ्री-पॉइंटर, टक्केवारी ३७.८.

या ओळी खाली-वर वाचत गेल्यावर नजर आपोआप दुसऱ्या वर्षावर थांबते. गुण वाढले, असिस्ट वाढले, पण लांबून साधलेला नेम घसरला. ४०.६ वरून ३३.२ ही घसरण लहान नाही, आणि वरवर पाहणारा ‘दुसऱ्या वर्षी तिचा नेम बिघडला’ असे लिहून मोकळा होईल. त्याच हंगामापासून महिलांची तीन गुणांची रेषा २० फूट ९ इंचांवरून २२ फूट पावणेदोन इंचांवर, म्हणजे जवळजवळ दीड फूट मागे नेण्यात आली होती. संपूर्ण घसरणीचे कारण तेवढेच होते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण प्रतिस्पर्धी संघांनी एव्हाना तिला चांगले ओळखले होते आणि बचाव अधिक कडक झाला होता. तरीही रेषेचा उल्लेख न करता त्या वर्षाविषयी लिहिलेले वाक्य अर्धवट राहते. पुढच्या दोन वर्षांत, त्याच लांबलेल्या रेषेमागून, तिने टक्केवारी पुन्हा ३८ च्या आसपास आणली आणि यशस्वी फेकांची संख्या दुपटीहून अधिक केली. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे, आणि ती ३,९५१ या आकड्यात कुठेच दिसत नाही.

सरासरी आणि बेरीज या दोन्ही लिहाव्यात. क्लार्कचे शेवटच्या हंगामातील १,२३४ गुण हा एका हंगामाचा विक्रम आहे. त्याआधी तो प्लमच्या नावावर १,१०९ गुणांचा होता, आणि त्याहीआधी स्टाइल्सच्या नावावर १,०६२ गुणांचा. पण प्लमने आपले १,१०९ गुण ३५ सामन्यांत केले होते, म्हणजे सामन्यामागे ३१.७, क्लार्कची सरासरी ३१.६ भरते. आयोवाचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेल्यामुळे क्लार्कला चार सामने जास्त मिळाले. त्यात तिचे श्रेय आहेच, कारण संघाला तिथपर्यंत नेणारी तीच होती. तरी दोघींचा वेग जवळजवळ सारखा होता, हे बेरजेपेक्षा सरासरीतून अधिक स्पष्ट होते. पूर्ण कारकिर्दीत मात्र दोघींचे सामने योगायोगाने सारखेच, १३९ आहेत, त्यामुळे तेथील तुलना सरळ आहे: २८.४ विरुद्ध २५.४.

नेमाची टक्केवारी वाचताना साध्या टक्केवारीवर विसंबू नये. समजा, एका गार्डने १५ प्रयत्नांत ७ चेंडू बास्केटमध्ये टाकले आणि सगळे दोन गुणांचे होते. दुसरीने १५ प्रयत्नांत ६ टाकले, पण त्यांतील ४ तीन गुणांचे होते. साध्या टक्केवारीत पहिली पुढे आहे, गुण मात्र पहिलीचे १४ आणि दुसरीचे १६ होतात. म्हणून यशस्वी फेकांच्या संख्येत थ्री-पॉइंटरच्या संख्येची निम्मी संख्या मिळवावी आणि मग एकूण प्रयत्नांनी भागावे. पहिलीची प्रभावी टक्केवारी ४६.७ राहते, दुसरीची ५३.३ होते. गार्ड लांबून अधिक फेक घेत असल्यामुळे तिच्या बाबतीत हा हिशेब टाळता येत नाही.

असिस्टचा आकडा तर आणखी सांभाळून वाचावा, कारण तो दोघींच्या कष्टाने तयार होतो. पास कितीही अचूक असला, तरी घेणारीने चेंडू बास्केटमध्ये टाकला नाही तर तो तक्त्यात उमटत नाही. आयोवामध्ये क्लार्कच्या पहिल्या तीन वर्षांत मोनिका सिनानो ही सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारी खेळाडू, होती आणि २०२०–२१ मध्ये तिचे सुमारे दोन-तृतीयांश फेक यशस्वी झाले होते. अशी सहकारी बास्केटखाली उभी असेल, तर पॉइंट गार्डच्या असिस्टना तिचा आधार असतो. सिनानो गेल्यानंतर क्लार्कचे असिस्ट कमी झाले का, हा प्रश्न म्हणून विचारण्यासारखा आहे, आणि उत्तर तक्त्यातच आहे: सरासरी ८.६ वरून ८.९ वर गेली. सहकारी बदलल्यावर काय झाले, हे पाहणे हीच असिस्टची खरी कसोटी.

असिस्टच्या शेजारी टर्नओव्हर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेलेले चेंडू, लिहावेत. शेवटच्या हंगामात क्लार्कचे सामन्यामागे साधारण पावणेपाच टर्नओव्हर होते. तो आकडा मोठा आहे आणि तो लपवू नये. पण ज्या खेळाडूच्या हातात चेंडू सर्वाधिक वेळ असतो आणि जी अवघड पास देण्याचे धाडस करते, तिचे टर्नओव्हर जास्तच असणार, हेही त्याच वाक्यात सांगावे. बचावाबाबत तक्ता फारच मुका असतो. हिसकावलेल्या चेंडूंची संख्या मिळते, परंतु प्रतिस्पर्धी गार्डला तिने तिच्या आवडत्या जागेपासून किती वेळा दूर ठेवले, हे कुठेच नोंदले जात नाही. त्यासाठी सामने पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

विक्रम कोणाचा, हे लिहिण्यापूर्वी

सर्वाधिक चुका येथे होतात. क्लार्कने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी मिशिगनविरुद्ध ४९ गुण करताना प्लमला मागे टाकले, तेव्हा ती एनसीएएच्या महिला प्रथम श्रेणीतील सर्वाधिक गुणांची मानकरी झाली. पण एनसीएएने महिलांची स्पर्धा १९८१–८२ च्या हंगामापासून सुरू केली. त्याआधीचे दशकभर महिलांच्या महाविद्यालयीन स्पर्धा एआयएडब्ल्यू ही स्वतंत्र संघटना चालवत होती, आणि तिच्या काळातील नोंदी एनसीएएच्या पुस्तकात नाहीत. कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडर्ड यांनी १९७७ ते १९८१ या काळात ३,६४९ गुण केले होते. क्लार्कने तो टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी मिनेसोटाविरुद्ध ओलांडला. त्यानंतर ३ मार्च रोजी ओहायो स्टेटविरुद्ध तिने पुरुषांमधील विक्रमवीर पीट मॅराविचच्या ३,६६७ गुणांनाही मागे टाकले. ते गुण त्याने ८३ सामन्यांत केले होते, कारण त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. आणि लहान महाविद्यालयांची दखल घेतली, तर साउथ कॅरोलायनातील फ्रान्सिस मॅरियन महाविद्यालयाच्या पर्ल मूर यांचे ४,०६१ गुण अजूनही पुढेच आहेत; त्यांतील १७७ गुण त्यांनी आधीच्या ज्युनियर कॉलेजकडून केलेले होते.

‘इतिहासातील सर्वाधिक’ हे शब्द लिहिण्यापूर्वी कोणत्या संघटनेच्या, कोणत्या श्रेणीच्या आणि कोणत्या वर्षांपासूनच्या इतिहासात, हे तीन प्रश्न विचारावेत. यात जुन्या खेळाडूंचा मान गुंतलेला आहे. वुडर्ड आणि मूर खेळत होत्या तेव्हा तीन गुणांची रेषाच नव्हती. ती महिलांसाठी १९८७–८८ मध्ये आली. चेंडूही पुरुषांचाच, साडेएकोणतीस इंच परिघाचा होता. साडेअठ्ठावीस इंचांचा लहान चेंडू १९८४–८५ पासून वापरात आला. १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ या कायद्याने शिक्षणसंस्थांमध्ये स्त्रियांना समान संधी देणे बंधनकारक केले, त्यानंतर अवघ्या काही वर्षांतच या दोघी खेळल्या, आणि त्यांच्या अनेक सामन्यांची चित्रफीतही पाहायला मिळत नाही.

एक हिशेब करून पाहण्याजोगा आहे. क्लार्कचे ५४८ थ्री-पॉइंटर प्रत्येकी दोनच गुणांचे धरले, तर तिचे एकूण गुण ३,४०३ होतात, म्हणजे वुडर्ड यांच्यापेक्षा २४६ ने कमी. यावरून वुडर्ड अधिक श्रेष्ठ ठरतात असे नव्हे, कारण रेषाच नसती तर क्लार्कने इतक्या लांबून फेक घेतले नसते, ती अधिक वेळा बास्केटपर्यंत धावली असती आणि तिचा सगळाच खेळ निराळा झाला असता. या हिशेबातून एवढेच दिसते, की दोन काळांतील गुण ही दोन निराळी नाणी आहेत.

नियमांतील बदलांची स्वतःची एक छोटी टिपणवही ठेवावी. त्यात वर सांगितलेल्या वर्षांखेरीज आणखी दोन नोंदी हव्यात: तीन गुणांची रेषा २०११–१२ मध्ये एकदा, १९ फूट ९ इंचांवरून २० फूट ९ इंचांवर, सरकली होती, आणि २०१५–१६ पासून वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांऐवजी दहा-दहा मिनिटांचे चार भाग खेळले जाऊ लागले. एकूण मिनिटे चाळीसच राहिली, म्हणून सरासरीच्या तुलनेला त्याने बाध येत नाही.

संघ, स्पर्धा आणि दुखापत

खेळाडूच्या ओळीशेजारी संघ कुठवर गेला, हेही लिहावे. क्लार्कच्या दुसऱ्या वर्षी ती सरासरी गुण आणि सरासरी असिस्ट या दोन्हींत देशात पहिली होती. एकाच हंगामात असे करणारी ती प्रथम श्रेणीतील पहिलीच महिला खेळाडू. तरीही आयोवा त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या दुसऱ्याच फेरीत, स्वतःच्या मैदानावर, क्रेटनकडून ६४–६२ असा हरला. पुढच्या दोन्ही वर्षी हाच संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि दोन्ही वेळा पराभूत झाला, २०२३ मध्ये लुइझियाना स्टेटकडून १०२–८५ आणि २०२४ मध्ये साउथ कॅरोलायनाकडून ८७–७५. एकट्या गार्डच्या आकड्यांनी संघाचे यश समजत नाही आणि संघाच्या पराभवाने गार्डचे मोल ठरत नाही. दोन्ही गोष्टी समोरासमोर मांडून वाचकाला पाहू द्याव्यात. राष्ट्रीय स्पर्धेतील सामने वेगळे काढावेत, कारण तेथे प्रतिस्पर्धी बळकट असतो आणि एका पराभवाने हंगाम संपतो. २०२३ मध्ये लुइव्हिलविरुद्ध क्लार्कचे ४१ गुण, १२ असिस्ट आणि १० रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) यामुळेच नियमित हंगामातील तशाच कामगिरीपेक्षा अधिक वजनाचे ठरतात.

काही वेळा हंगामच अपुरा राहतो. ओरेगनच्या सब्रिना आयोनेस्कू हिने २४ फेब्रुवारी २०२० रोजी २,००० गुण, १,००० असिस्ट आणि १,००० रिबाउंड असा टप्पा गाठला, जो प्रथम श्रेणीत तिच्याआधी कोणीच, पुरुष वा स्त्री, गाठला नव्हता. त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत कोविडमुळे राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाली. तिच्या नावावर राष्ट्रीय विजेतेपद नाही, हे वाक्य या संदर्भाविना लिहिणे मला अप्रामाणिक वाटते.

दुखापतींची वर्षे तर अतिशय सावकाश वाचावीत. कनेक्टिकटच्या पेज ब्युकर्सने पहिल्याच वर्षी देशातील सर्वोत्तम खेळाडूचे प्रमुख पुरस्कार मिळवले. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा गुडघा दुखावला आणि त्या हंगामात ती १७ सामनेच खेळली. ऑगस्ट २०२२ मध्ये गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध फाटल्यामुळे पुढचा सबंध हंगाम गेला. तक्त्यात तेथे केवळ एक रिकामी ओळ आहे. ती परतली, पाचव्या वर्षासाठी थांबली आणि ६ एप्रिल २०२५ रोजी साउथ कॅरोलायनाला ८२–५९ असे हरवून विजेती झाली. थांबत, वळत, दिशा बदलत खेळणाऱ्या गार्डच्या गुडघ्यावर किती भार येतो, हे ज्याला ठाऊक आहे तो त्या रिकाम्या ओळीवरून नुसता पुढे सरकणार नाही.

पैशाबाबत थोडक्यात: १ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःचे नाव आणि छबी वापरू देऊन जाहिरातींचे उत्पन्न घेता येते. त्याआधीच्या खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे असे काही मिळत नसे.

महाविद्यालयानंतर

शेवटचा भाग व्यावसायिक खेळाचा. अमेरिकी खेळाडूला डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नव्या खेळाडू निवडण्याच्या फेरीत, येण्यासाठी त्या वर्षात २२ वर्षे पूर्ण होणे, पदवी घेतलेली असणे किंवा शाळा सोडून चार वर्षे झालेली असणे, अशा अटी बरीच वर्षे राहिल्या आहेत. त्यामुळेच महिलांच्या महाविद्यालयीन कारकिर्दी लांब आणि पूर्ण दिसतात. पुरुषांप्रमाणे एका वर्षात निघून जाणे येथे सहसा घडत नाही. प्लम २०१७, आयोनेस्कू २०२०, क्लार्क २०२४ आणि ब्युकर्स २०२५ या चौघींचीही निवड आपापल्या वर्षी पहिल्या क्रमांकाने झाली. क्लार्कचे इंडियाना फीव्हर संघातील पहिल्या वर्षाचे मूळ वेतन ७६,५३५ डॉलर होते.

व्यावसायिक पहिल्या वर्षाचे आकडे महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाखाली लिहून पाहावेत. क्लार्कची सरासरी ३१.६ गुणांवरून १९.२ वर आली, असिस्ट मात्र ८.९ वरून ८.४ एवढेच उतरले, आणि तिचे ३३७ असिस्ट हा त्या लीगमधील एका हंगामाचा तोपर्यंतचा विक्रम ठरला. पहिल्याच सामन्यात तिच्याकडून १० टर्नओव्हर झाले होते. नेम साधायची जागा कमी होते, पण दृष्टी टिकते, असे या दोन ओळी सांगतात. स्टाइल्सची पुढची कहाणी वेगळी आहे: २००१ मध्ये ती वर्षातील सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरली आणि मग दुखापतींनी तिची व्यावसायिक कारकीर्द फार लवकर आटोपली.

काही गार्डची कारकीर्द प्रशिक्षक म्हणून बाकावर बसून पुढे चालते, आणि तोही भाग तक्त्याला जोडावा. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पॉइंट गार्ड डॉन स्टेली यांनी १९९० ते १९९२ अशी सलग तीन वर्षे आपल्या संघाला अंतिम चारांत नेले, पण विजेतेपद एकदाही मिळाले नाही. १९९१ चा अंतिम सामना व्हर्जिनियाने टेनेसीविरुद्ध जादा वेळेत ७०–६७ असा गमावला, आणि तरीही त्या अंतिम फेरीतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून स्टेली यांचीच निवड झाली. २००८ मध्ये त्या साउथ कॅरोलायनाच्या प्रशिक्षक झाल्या. २०१७, २०२२ आणि २०२४ अशी तीन विजेतेपदे त्यांनी त्या संघाला मिळवून दिली, आणि त्यांतील शेवटच्या अंतिम सामन्यात समोरच्या संघाची गार्ड, त्या दिवशी ३० गुण करून पराभूत झालेली, केटलिन क्लार्क होती.